पाठीवर शिवण नको: एका जॅकेटच्या नावाची नोंदणी

२०२२ च्या डिसेंबरमध्ये नवी मुंबईत ब्रेकिंगच्या, म्हणजे ब्रेकडान्सच्या, एका जॅमला आम्ही सोळा जण बॅटलसाठी, म्हणजे समोरासमोरच्या नाचाच्या लढतीसाठी, उतरलो होतो. त्यातल्या अकरा जणांनी काळी कार्गो, वर ढगळ टीशर्ट आणि डोक्यावर बकेट हॅट घातली होती. अकरावी मी. माझी कार्गो उल्हासनगरची, ४५० रुपयांची. टीशर्टवर एका परदेशी ब्रँडचं नाव, त्यात एक अक्षर कमी. पहिल्याच फेरीत हरले, त्याचं फारसं काही वाटलं नाही. पण दोन दिवसांनी फोटो आले तेव्हा मला मीच सापडेना. शेवटी झूम करून बुटांवरून ओळखलं.

ब्रेकिंगमध्ये दुसऱ्याची मूव्ह जशीच्या तशी उचलली की समोरचा दोन्ही हातांचा जबडा करून आपल्याकडे बघत मिटतो. म्हणजे ‘बाइट’ केलंस, चोरलंस. याच्याइतकी लाज दुसरी नाही. कपड्यांसाठी मात्र कोणी कोणाला जबडा दाखवत नाही. दाखवायचा ठरवला असता तर त्या दिवशी कोणाचेच हात रिकामे राहिले नसते.

त्या रात्री मी जुने फोटो बघत बसले. हा नाच न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला, १९७० च्या दशकातला. त्या पोरांकडे पैसे नव्हते, पण प्रत्येकाचं काहीतरी वेगळं असायचं. साधी लेस ओढून, इस्त्री मारून रुंद करायची. जीनच्या जॅकेटची पाठ स्वतः रंगवायची. मग १९८२ मध्ये न्यूयॉर्कमध्येच, हार्लेमच्या १२५ व्या रस्त्यावर, डॅपर डॅन नावाच्या कपड्यांच्या कारागिराने दुकान काढलं. महागड्या ब्रँडची चिन्हं तो चामड्यावर स्वतः छापायचा आणि त्या ब्रँडनी कधी शिवलेच नव्हते असे कोट रॅपरांना शिवून द्यायचा. ब्रँडवाल्यांच्या कारवायांपुढे ते दुकान १९९२ मध्ये बंद पडलं. २०१७ मध्ये गुची या बड्या ब्रँडने त्याच्याच एका जुन्या जॅकेटसारखं जॅकेट रॅम्पवर आणलं, बोंबाबोंब झाली, आणि मग त्यालाच सोबत घेतलं. यात बाइट कोणी कोणाचं केलं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

जानेवारी २०२३ मध्ये आजी गेली. ती मूळची सोलापूरची. तेरावं झाल्यावर आईने तिची ट्रंक उघडली. वरच एक सोलापुरी चादर होती, मरून आणि हिरवी, काठाला मोर. धुऊन धुऊन मऊ झालेली, पण वजनाला अजून भक्कम. आई डोंबिवलीत घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. मी म्हटलं, याचं जॅकेट शिवूया. ती म्हणाली, ‘अगं, अंथरायच्या चादरीचं अंगात घालणार? लोक म्हणतील ट्रेनमधून उठून आली.’ तीन दिवसांनी तिनेच कात्री दिली. पण कापताना खोलीत थांबली नाही.

इथे एक कबूल करायला हवं. ब्लँकेटची, गोधडीची जॅकेटं तेव्हा परदेशात चालू होती आणि मी ती फोनवर पाहिली होती. म्हणजे कल्पना माझी नव्हती.

पहिलं जॅकेट मी स्वतः शिवलं, फेब्रुवारीत. कापड वाचावं म्हणून पाठ दोन तुकड्यांत कापली आणि मधोमध जोडली. चौदा नंबरच्या दोन सुया मोडल्या, मग अठराची लावली. पांढरा दोरा संपला म्हणून लाल घातला. जाड कापड दात्यांवरून सरकायचं, त्यामुळे टीप कुठे लांब, कुठे आखूड पडली. आईने ते उलटंपालटं करून पाहिलं, नखाने एक टाका उचलला आणि म्हणाली, ‘हा चुकटाका. हा पण चुकटाका. उसव.’ मी उसवलं नाही, उद्या प्रॅक्टिस होती.

दुसऱ्या दिवशी बेलापूर स्टेशनबाहेरच्या फरशीवर ते घालून विंडमिल मारली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विंडमिलमध्ये आपण पाठीवरून, खांद्यांवरून गोल फिरत राहतो, पाय हवेत. चौथ्या फेरीला मणक्यावर सुरी फिरवल्यासारखं झालं. घरी आईने शर्ट वर करून पाहिला तर पाठीच्या मधोमध बोटभर रुंद लाल पट्टा. जाड चादरीचे दोन पदर दुमडून शिवले की मधे दोरखंडाएवढा उंचवटा होतो, आणि मी नेमकी त्याच्यावर फिरत होते.

मग आई कामाला लागली. तिने विचारलं, जमिनीला काय काय लागतं? मी हॉलमध्ये आडवी होऊन दाखवलं: खांदा, खांद्याचं पातं, कोपर, कमरेची बाजू. तिने खडूने खुणा केल्या. पाठ एका सलग तुकड्याची केली, बाजूची शिवण बगलेतून काढून चार बोटं पुढे ओढली, खांद्याची शिवण उतरवून पुढच्या बाजूला छातीवर आणली. कोपराला आतून जुन्या चादरीचाच पदर. लाल दोरा तसाच ठेवला, कारण आता मला तो आवडायला लागला होता. त्या जॅकेटमध्ये माझं काय, असं कोणी विचारलं तर मी शिवणी दाखवते. मोर सोलापूरचा, ढगळपणा ब्राँक्सचा, शिवणी मात्र माझ्या पाठीच्या मापाच्या.

आमच्या क्रूमधल्या, नाचाच्या गटातल्या मुलांनी तशी जॅकेटं मागितली. डिसेंबर २०२३ पर्यंत १४ झाली. चादर ६०० च्या आसपास, अस्तर, चेन, दोरा धरून ८५० खर्च, दोघींचे मिळून दोन दिवस. आधी १,८०० ला दिली, मग २,६०० केली. त्या सुमारास मी आईला फुबू या कपड्यांच्या ब्रँडची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये डेमंड जॉनने १९९२ मध्ये घरी टोप्या शिवून विकायला सुरुवात केली, शिवायला आईनेच शिकवलं होतं, पुढे त्या आईने घर गहाण टाकून पैसे उभे केले. आई ऐकत होती. मग म्हणाली, ‘आपलं आधीच बँकेकडे आहे.’

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका मित्राने लिंक पाठवली. इन्स्टाग्रामवरच्या एका पानावर चादरीचं जॅकेट, लाल दोऱ्याची जाड टीप, ९९९ रुपये. मजकुराच्या दोन ओळी माझ्या पोस्टमधून उचललेल्या. मी हादरले, रडलेसुद्धा. मित्राने एक मागवलं. आलं तेव्हा आईने पहिल्यांदा पाठ पाहिली. मधोमध शिवण. ‘हे ज्याने शिवलंय,’ ती म्हणाली, ‘तो जमिनीवर कधी लोळलेला नाही.’

इथून कागदपत्रं सुरू होतात. कोणाला उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते.

मार्चमध्ये कल्याणला एका वकिलांना भेटले, सल्ल्याचे १,००० रुपये. मी विचारलं, माझं डिझाइन रजिस्टर होईल का? त्यांनी विचारलं, फोटो कुठे टाकलेत? मी म्हटलं, वर्षभर टाकतेय. ते म्हणाले, मग संपलं. डिझाइनची नोंदणी होते ती नव्या, आधी कुठेही प्रसिद्ध न झालेल्या रूपाची. पोस्ट टाकली की ते प्रसिद्ध झालं. कॉपीराइटचा रस्ताही अरुंद आहे: जे डिझाइन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, त्याचे यंत्रावर पन्नासहून जास्त नग झाले की कॉपीराइट उरत नाही. तेव्हा तुम्ही काही शिवत असाल आणि ते खरोखर नवं असेल, तर पोस्ट टाकण्याआधी विचार करा. मला हे १,००० रुपये आधी द्यायला हवे होते.

मग उरतं काय? नाव. ट्रेडमार्क नावाचा, चिन्हाचा होतो. ‘म्हणजे ते जॅकेट विकतच राहणार?’ ‘विकतच राहणार. फक्त तुमच्या नावाने विकू शकणार नाहीत.’ तेव्हा जॅकेटला नावच नव्हतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधी केली. आधार, पॅन, वीस मिनिटं, फी शून्य. एक एजंट याचे १,५०० मागत होता. शोधताना वर जाहिरातीतली पानं येतात, सरकारी वाटतात आणि पैसे घेतात, त्यांच्यात शिरू नका. गुमास्त्याचंही, म्हणजे दुकान-आस्थापनेच्या नोंदणीचंही, तसंच: तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर पूर्ण नोंदणी लागत नव्हती, ऑनलाइन सूचना द्यायची, फी नाममात्र. करंट खात्यासाठी बँकेने हे दोन्ही कागद मागितले.

नावासाठी मी घाई केली. माझ्या डोक्यात ‘सोलापूर गल्ली’ होतं. सगळ्यांना आवडलं. आता मागे वळून पाहते तेव्हा कळतं की ते आवडलं कारण आधीच कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत होतं. मुंबईच्या रॅपमुळे ‘गल्ली’ हा शब्द दोन-चार वर्षं टोप्यांवर, टीशर्टांवर, चहाच्या टपऱ्यांवर, सगळीकडे चिकटलेला होता. फोटोत अकरावी होते तशीच इथेही.

१८ एप्रिल २०२४ ला एका एजंटमार्फत अर्ज भरला. कपडे येतात क्लास २५ मध्ये. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर एका क्लासचे ४,५०० रुपये. कंपनी असेल आणि स्टार्टअप किंवा लघुउद्योगात मोडत नसेल तर ९,०००. म्हणजे व्यक्ती म्हणून भरताना सवलतीसाठी उद्यमची गरज नव्हती, हे मला कोणी सांगितलं नाही. एजंटचे ३,५००, मुखत्यारपत्राच्या स्टॅम्पचे १०० वेगळे. (महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून किमान ५०० चा स्टॅम्प लागतो.) तो क्लास ३५ सुद्धा घ्या म्हणत होता, दुकानदारीसाठी. प्रत्येक क्लासची फी वेगळी भरावी लागते. मी नाही म्हटलं.

जूनमध्ये तपासणी अहवाल आला. दोन आक्षेप. कलम ९: हे नाव ठिकाण दाखवतं, त्यात स्वतःचं वेगळेपण नाही. कलम ११: याच्याशी मिळतीजुळती नावं याच क्लासमध्ये आधीपासून आहेत, आणि खाली त्यांची यादी. ती यादी मला अर्जाच्या आधीच दिसू शकली असती. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोध फुकट आहे, नाव टाकायचं, क्लास टाकायचा. उच्चाराने जुळणारी नावंही शोधता येतात. एजंटने शोध घेतला होता का, असं विचारल्यावर त्याने ‘मॅडम, आक्षेप सगळ्यांनाच येतो’ असं उत्तर दिलं.

उत्तराला ३० दिवस असतात. आम्ही अठ्ठाविसाव्या दिवशी दिलं. मग सहा महिने स्टेटसच्या पानावर लाल अक्षरात ‘ऑब्जेक्टेड’. मी सुरुवातीला रोज पाहायचे, नंतर शनिवारी, नंतर आठवण आली की. या काळात जॅकेटं शिवणं जवळजवळ थांबलं. कॉपीवाल्या पानावर आता खणाची जॅकेटंही आली होती आणि माझ्या डोक्यात खण, इरकल, घोंगडी असं सगळं फिरायला लागलं. आज हे चाललंय तर हे, उद्या ते. ऑगस्टमध्ये खणाचं एक शिवलंसुद्धा. सुंदर दिसलं. पहिल्या फ्रीझला, म्हणजे नाचता नाचता एका पवित्र्यात थिजताना, खांद्यावर टर्रकन फाटलं.

सुनावणी १६ जानेवारी २०२५ ला, व्हिडिओवर. मी आईची साडी-फॉलची थप्पी मागे दिसू नये म्हणून लॅपटॉप चार वेळा फिरवला. माझा नंबर यायला पन्नास मिनिटं, प्रत्यक्ष बोलणं सात-आठ मिनिटांचं. अधिकारी शांतपणे बोलत होते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ते नाव तिथल्या विणकरांचं, तुम्ही डोंबिवलीत जॅकेट शिवता, हे त्यांनी आधी काढलं. मग म्हणाले, ‘सोलापूर गावाचं, गल्ली सगळ्यांची. यात तुमचं काय?’ माझा एजंट काहीतरी कलम वाचायला लागला. मला खरं तर त्या प्रश्नाचं उत्तर येत होतं, पण ते नावात नव्हतं, शिवणीत होतं. अर्ज नामंजूर झाला. फी परत मिळत नाही.

संध्याकाळी आई नेहमीसारखी कोणाचा तरी ब्लाऊज उसवत बसली होती. तिच्या तोंडून तो शब्द आला, तिच्याच एका टाक्याबद्दल. मी तिथेच फोनवर शोध टाकला. क्लास २५, ‘चुकटाका’. काही नाही. वेगवेगळ्या स्पेलिंगने टाकला. काही नाही.

दुसरा अर्ज मी स्वतः भरला, १० फेब्रुवारी २०२५. त्यासाठी डिजिटल सही लागते, क्लास ३ ची, मला १,६०० पडले. ती पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये येते आणि पहिल्या दिवशी चालत नाही. ब्राउझर बदला, सोबतचं सॉफ्टवेअर पुन्हा टाका, चिडू नका. माझा अख्खा रविवार गेला. देवनागरी नाव मी चित्र म्हणून जोडलं, सोबत रोमन लिप्यंतर आणि इंग्रजीत अर्थ. अर्थाच्या चौकटीशी मी बराच वेळ अडले. शेवटी ‘चुकीचा टाका’ असंच भाषांतर लिहिलं. आई खांद्यावरून वाचत होती. ‘सरकारला लेखी देतेस की आम्ही चुकीचं शिवतो?’

आणखी एक चौकट: वापर कधीपासून. मी सवयीने फेब्रुवारी २०२३ लिहिणार होते. पण विचारतात ते नावाच्या वापराबद्दल, जॅकेटच्या नाही. नाव कालपरवाचं होतं. आधीचा वापर सांगितला की प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात, बिलं, जाहिराती. माझ्याकडे यूपीआयच्या स्क्रीनशॉटपलीकडे काही नव्हतं. ‘पुढे वापरणार’ हा पर्याय निवडला. तुमच्या नावाने माल विकला जात असेल तर पहिल्या दिवसापासून नाव छापलेलं साधं बिलबुक ठेवा.

चित्र जोडल्यामुळे अर्ज आधी व्हिएन्ना कोडिफिकेशनच्या टप्प्यात गेला, म्हणजे चिन्हाच्या आकाराला क्रमांक देतात. तिथे तो काही आठवडे बसला. या वेळी मी वाट बघत बसले नाही, ९ जॅकेटं शिवली. लेबल आतून, मानेखाली नाही, कारण हेडस्पिनला, डोक्यावर गोल फिरताना, मानेखाली टोचतं. खिशाच्या आत, लाल दोऱ्याने. नावापुढे ‘टीएम’ लावायला नोंदणीची वाट पाहावी लागत नाही. गोलातलं ‘आर’ मात्र नोंदणी होईपर्यंत लावू नका, तो गुन्हा आहे. ओळखीच्या दोन छोट्या ब्रँडवाल्यांनी ते हौसेने लावलेलं आहे, त्यांना मी फोन करून सांगितलं. एकाने काढलं.

या वेळी आक्षेप आला नाही. १६ जून २०२५ च्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये नाव छापून आलं. हे जर्नल दर सोमवारी निघतं. त्यानंतर चार महिने कोणीही विरोध नोंदवू शकतं. याच काळात मला अनोळखी फोन सुरू झाले, कारण अर्जातला पत्ता सगळ्यांना दिसतो. ‘तुमच्या मार्कला धोका आहे, ७,००० भरा.’ परदेशी नोंदवहीत नाव घालतो म्हणणारी छापील पत्रंसुद्धा आली, शिक्क्यासकट. एकालाही पैसे देऊ नका. जे काही खरं आहे ते स्टेटसच्या पानावर दिसतं.

चार महिने कोणी विरोध केला नाही. ४ नोव्हेंबरला मेलवर प्रमाणपत्र आलं, दहा वर्षांसाठी. मी ऑफिसात होते. आईला पाठवलं तर तिने फक्त अंगठा टाकला, आणि घरी गेल्यावर पाहिलं तर प्रिंट काढून मशीनच्या वरच्या भिंतीवर, लक्ष्मीच्या कॅलेंडरखाली चिकटवलं होतं.

दोन्ही अर्ज, एजंट, वकील, डिजिटल सही, स्टॅम्प धरून १५,२०० रुपये गेले. नीट शोध घेतला असता तर ७,१०० मध्ये झालं असतं. ते इन्स्टाग्रामचं पान अजून आहे, जॅकेट आता ७९९ ला मिळतं.

गेल्या महिन्यात, डिसेंबरच्या जॅमला, सतरा-अठराचा एक मुलगा तेच जॅकेट घालून आला होता. सायफरमध्ये, म्हणजे नाचणाऱ्यांच्या रिंगणात, दोन विंडमिल मारल्या आणि कंबर धरून बाजूला झाला. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. मधोमध शिवण, दोरखंडासारखी. मी हातांचा जबडा करायला हात उचललेसुद्धा होते. तो म्हणाला, ‘ताई, हे खूप टोचतं, काही करता येईल का? सगळे म्हणतात तुम्ही शिवता.’

मी त्याला पत्ता दिला. पाठ नवीन घालायची तर चादर त्याने आणायची, शिलाई ३५० रुपये. शनिवारी तो आईला घेऊन आला. आमची आई त्याला हॉलमध्ये आडवा पाडून खडूने खुणा करत होती आणि त्याची आई विचारत होती, ‘दोरा लालच लावणार का हो? निळा नाही चालणार?’